वर्गातला बहिष्कार आणि दाखल्याची रेघ

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला आणि असा कायदा करणारे देशातील पहिले राज्य म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्यात गैर काही नव्हते. एखाद्या कुटुंबाशी बोलावयाचे नाही, त्याच्या दारी जावयाचे नाही, लग्नकार्यात त्याला पंगतीस बसू द्यावयाचे नाही, असा हुकूम सोडणाऱ्या जातपंचायतीच्या पंचांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकेल, असे या कायद्याने बजावले. माणसाला माणसांतून उठवणे हा गुन्हा आहे, हे तत्त्व त्यामुळे कायद्याच्या पुस्तकात आले.

याच राज्यातील शाळांमध्ये मात्र रोज सकाळी प्रार्थना संपल्यावर हाच गुन्हा नव्याने घडतो आणि त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही. वर्गातील एका मुलाच्या शेजारी कोणी बसत नाही. खेळाचे दोन संघ पाडताना तो शेवटपर्यंत उभा राहतो आणि अखेरीस नाइलाज म्हणून एका बाजूला ढकलला जातो. त्याच्या चालण्याची नक्कल होते, त्याला टोपणनाव चिकटते, त्याचा डबा लपवला जातो. मोठ्या आवाजाने तो कान झाकून घेतो हे एकदा कळले की त्याच्या कानाशी मुद्दाम बाक आपटला जातो आणि तो दचकला की सारा वर्ग हसतो. येथे पंचायत भरत नाही, ठराव होत नाही. तरीही निवाडा प्रत्येकाला ठाऊक असतो आणि त्याची अंमलबजावणी चोख होते. कित्येकदा ज्याच्यावर तो बजावला गेला त्यालाच आपला अपराध कोणता हे कळलेले नसते.

ही गोष्ट सर्वच मुलांच्या वाट्याला सारखी येत नाही. ज्यांच्या वाट्याला ती हटकून येते त्यांत स्वमग्नतेच्या छटा असणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींचा क्रम फार वरचा लागतो. त्यांच्या मनाची जी मोडतोड होते तिला समाज ‘त्यांचा स्वभाव’ म्हणतो, शाळा ‘घरचे संस्कार’ म्हणते आणि शासन ‘दाखला आहे काय?’ असे विचारते. या तिन्ही उत्तरांचा खोटेपणा उघड केल्यावाचून या प्रश्नाला हात घालता येणार नाही.

छटा म्हणजे काय

स्वमग्नता म्हणजे एका बाजूला अबोल, हात हलवीत बसलेले मूल आणि दुसऱ्या बाजूला उरलेले सर्व जग, अशी दोन कप्प्यांची समजूत अद्याप रूढ आहे. ती शास्त्राने केव्हाच सोडली. लॉर्ना विंग आणि ज्युडिथ गूल्ड यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील मुलांचा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध केला. काटेकोर व्याख्येत बसणाऱ्या थोड्या मुलांभोवती तशाच अडचणी कमीअधिक प्रमाणात असणारी मुले कितीतरी अधिक आहेत, असे त्यांना आढळले. पुढे याच विचारातून स्वमग्नतेच्या ‘वर्णपटा’ची कल्पना रुजली. इंद्रधनुष्यात तांबडा कोठे संपतो आणि नारिंगी कोठे सुरू होतो हे जसे बोट ठेवून सांगता येत नाही, तसेच हे आहे.

वर्णपटाच्या फिकट टोकाला असलेली मुले सामान्य शाळांत असतात. पुष्कळदा ती अभ्यासात बरी, कधी उत्तम असतात. एखाद्या विषयाचा ध्यास घेतात. रेल्वेची वेळापत्रके, नकाशे किंवा किड्यांच्या जाती त्यांना तोंडपाठ असतात. ठरलेला क्रम मोडला की ती कासावीस होतात. समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलणे त्यांना जड जाते आणि बोललेला शब्द ती शब्दशः घेतात. ‘हो हो, तूच तेवढा शहाणा’ हे वाक्य मराठीत क्वचितच स्तुतीसाठी वापरले जाते. या मुलाला मात्र ती स्तुती वाटते, तो मनापासून आनंदतो आणि वर्ग खिदळतो.

बालपणी हे सारे खपून जाते, कारण लहान मुलांच्या मैत्रीला एक चेंडू पुरतो. बारा-तेरा वर्षांच्या पुढे मैत्रीची भाषा बदलते. टोमणे, आडून बोलणे, डोळ्यांच्या खुणा, आज कोणाचा गट कोणाशी फुटला याचा अदृश्य हिशेब, या गोष्टी हे त्या वयाचे चलन होय. ज्याच्या खिशात हे चलन नाही तो बाजारातून बाहेर फेकला जातो. मुलींची गत आणखी अवघड. शांत बसणारी, उत्तरे न देणारी मुलगी ‘गुणी’ ठरते. तिच्या अडचणींचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही, आणि मैत्रिणींनी तिच्याशी बोलणे बंद केले हे शिक्षकांच्या नजरेस सहसा येत नाही.

पुरावा काय सांगतो

यावर ‘ही मुले मुळातच उदास प्रकृतीची असतात’ असा युक्तिवाद होतो. तो तपासून पाहण्याची सोय आता आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल आणि आसपासच्या भागात १९९१-९२ मध्ये जन्मलेल्या सुमारे चौदा हजार मुलांचा मागोवा तेथील विद्यापीठ गर्भावस्थेपासून घेत आले आहे. त्या सामग्रीवर आधारलेले संशोधन धीरज राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केले. स्वमग्नतेचे निदान झालेल्या, तसेच निदान न होताही तिच्या छटा असलेल्या मुलांमध्ये वयाच्या दहाव्या वर्षीच इतरांपेक्षा अधिक नैराश्याची लक्षणे होती आणि अठराव्या वर्षापर्यंत ती चढतीच राहिली. ज्या मुलांना लहानपणी सामाजिक संवादात अडचण होती, त्यांना अठराव्या वर्षी नैराश्य जडण्याचा धोका इतरांच्या सुमारे १.७ पट होता.

या संशोधनाचा खरा निष्कर्ष पुढे आहे. हा जादा धोका येतो कोठून, याचा शोध घेता त्याचा मोठा हिस्सा एका गोष्टीने उलगडला: या मुलांना सवंगड्यांकडून झालेला छळ. स्वमग्नतेशी जोडलेल्या आनुवंशिक घटकांचा हिशेब घालूनही तो संबंध पुसला गेला नाही. याचा अर्थ स्पष्ट आहे. जन्मतः मिळालेली छटा हे नैराश्याचे प्रारब्ध नव्हे. छटा आणि नैराश्य यांच्या मध्ये शाळेचे पटांगण उभे आहे. आणि पटांगण निसर्गाने घडवलेले नसून माणसांनी चालवलेले आहे.

छळाचा प्रसार किती, हेही अज्ञात नाही. निरनिराळ्या देशांतील सतरा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार स्वमग्न शाळकरी मुलांपैकी सुमारे ४४ टक्के छळाचे बळी ठरतात. हा घाव शाळेबरोबर संपतही नाही. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा पन्नाशीपर्यंत मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले. सातव्या आणि अकराव्या वर्षी वारंवार छळल्या गेलेल्या मुलांमध्ये पन्नासाव्या वर्षीही नैराश्य अधिक, आर्थिक स्थिती हलकी आणि माणसांशी नाती तुटपुंजी आढळली. हा पाठपुरावा सर्वसाधारण मुलांचा होता. ज्यांचे माणसांशी नाते आधीच कष्टाने जुळते त्यांचे काय होत असेल, याची कल्पना करण्यास फार बुद्धी लागत नाही.

भारतात अशी नोंद ठेवली जात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिला होता. त्यांतील किती मुले छळाला कंटाळली होती आणि किती मुलांमध्ये या छटा होत्या, हे या आकड्यांतून समजत नाही. कारणांच्या कोष्टकात ‘परीक्षेतील अपयश’ असा रकाना आहे. ‘शाळेतील छळ’ असा रकाना नाही. ज्याचा रकाना नाही ते घडतच नाही, असे मानण्याची प्रशासनाची जुनी खोड आहे.

‘मुलांची गंमत’

पहिला बचाव सर्वांत लोकप्रिय आहे. मुले आहेत, चेष्टा-मस्करी करणारच. त्याने मूल घट्ट होते. आमच्याही वेळी हे होते, आम्ही कोठे मेलो? असे म्हणणारे गृहस्थ बहुधा हसणाऱ्यांत होते, किंवा बघ्यांत होते. जे खरोखर मोडून पडले ते अशा चर्चेत बोलायला येत नाहीत. जे तरले त्यांच्या साक्षीवरून नदी उथळ असल्याचा निवाडा देण्यासारखेच हे आहे.

गंमत आणि छळ यांतील फरक नॉर्वेच्या डॅन ओल्वेअस या मानसशास्त्रज्ञाने चार दशकांपूर्वी नेमका सांगून ठेवला आहे. छळ हेतुपूर्वक असतो, तो पुनःपुन्हा होतो आणि त्यात दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. मस्करी उलटवता येते, छळ उलटवता येत नाही. एकाविरुद्ध चाळीस हे प्रमाण असेल आणि त्या एकाला टोमणाच कळत नसेल, तर तेथे कसली बरोबरी आणि कसली गंमत?

शिवाय छळणारा एकटा कधीच नसतो. फिनलंडमधील तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवल्ली यांनी दाखवून दिले आहे की या नाट्यात पुढाकार घेणारे एखाद-दुसरे असले तरी त्यांना साथ देणारे, हसून उत्तेजन देणारे आणि पाहून न पाहिल्यासारखे करणारे पुष्कळ असतात. दांडगाई टिकते ती या पुष्कळांच्या जोरावर. तेथील ‘किवा’ हा शालेय कार्यक्रम याच निरीक्षणावर उभारला गेला: बघ्यांचे हसू थांबवा, म्हणजे दांडगाईचे भांडवल आटेल. जातपंचायतीचा हुकूमही पंचांच्या बळावर चालत नाही. बहिष्कृताच्या दारावरून मान खाली घालून निघून जाणाऱ्या गावाच्या बळावर चालतो.

रोग म्हशीला, औषध पखालीला

दुसरा बचाव अधिक सुशिक्षित आहे आणि म्हणून अधिक घातक आहे. छळ होतो हे तो मान्य करतो आणि मग छळल्या गेलेल्या मुलालाच तज्ज्ञाकडे धाडतो. त्याला डोळ्यांत पाहून बोलायला शिकवा, हात हलवणे बंद करायला शिकवा, विनोदावर हसायला शिकवा, चारचौघांसारखा व्हायला शिकवा. छळणाऱ्या मुलांना कोणी कोठे धाडत नाही. ती ‘नॉर्मल’ असतात!

संवादाचे शिक्षण निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. ज्याला ते हवे त्याला ते जरूर मिळावे. परंतु एका मुलाने आपले सारे बालपण स्वतःला लपवण्यात घालवावे ही अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर वेठबिगार लादणे होय. असे मूल शाळेत दोन पाळ्यांत काम करते. एक पाळी अभ्यासाची, ती सर्वांनाच असते. दुसरी सोंग वठवण्याची: प्रत्येक नजर मोजणे, प्रत्येक वाक्य आधी मनात घोकणे, प्रत्येक हसण्याला जोडून हसणे. या दुसऱ्या पाळीला वेतन नाही, सुटी नाही आणि कोणत्याही प्रगतिपुस्तकात तिची नोंद नाही. घरी आल्यावर ते मूल दप्तर फेकून ओरडते, दार लावून घेते, जेवत नाही. तेव्हा आईवडील बुचकळ्यात पडतात, कारण शाळा सांगते की ‘येथे तर अगदी शहाण्यासारखा वागतो.’ स्वमग्न प्रौढांच्या ब्रिटनमधील अभ्यासात या सोंगाचा आत्महत्येच्या विचारांशी संबंध आढळला आहे. सोंग जितके चांगले वठते तितका त्याचा भार मोठा आणि मदत मिळण्याची शक्यता कमी.

समजण्यातील तूट एकाच बाजूला आहे हे गृहीतच मुळी चुकीचे आहे. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडले की ही अडचण दुहेरी आहे: स्वमग्न माणसाला इतरांचे मन ओळखणे जितके जड जाते, तितकेच इतरांनाही त्याचे मन ओळखणे जड जाते. फरक इतकाच की बहुसंख्यांची तूट ही तूट म्हणून मोजली जात नाही. बहुसंख्यांच्या रीतीलाच निसर्गनियम मानण्याची ही खोड भाषेच्या, जातीच्या आणि स्त्रीपुरुषभेदाच्या प्रश्नांत पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी ओळखली. शाळेच्या वर्गात मात्र त्यांना ती अद्याप दिसलेली नाही.

दाखल्याची रेघ

आता शासनाकडे वळू. १९९५ च्या अपंगांविषयीच्या कायद्याने सात प्रकारची अपंगत्वे मानली; त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचे नाव आले आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने एकवीस प्रकारांत तिला स्थान दिले. हा प्रवास संघर्षाने झाला आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कायद्याच्या बहुतेक ठोस सवलती चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचा दाखला असणाऱ्यालाच मिळतात. स्वमग्नतेसाठी हे टक्के एका भारतीय मापनपट्टीवरून काढले जातात. त्या पट्टीवर सत्तर गुण झाले की चाळीस टक्के झाले. ज्याचे गुण अडुसष्ट भरले तो कायद्याच्या दृष्टीने कोणीच नव्हे.

दुर्मीळ वस्तूचे वाटप करताना कोठेतरी रेघ ओढावी लागते, हे अर्थशास्त्र शिकवतेच. परीक्षेतील जादा वेळ, नोकरीतील राखीव जागा, निवृत्तिवेतन या गोष्टी मोजून द्यावयाच्या आहेत. त्यांना रेघ लागणार. पण अपमानापासून संरक्षण ही काही रेशनवर द्यावयाची साखर नव्हे. एका मुलाला ते दिल्याने दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही. उलट सर्वांचेच वाढते. येथे रेघेचे प्रयोजनच काय? टोपणनाव ठेवणारी मुले मापनपट्टी घेऊन हिंडत नाहीत. अडुसष्ट गुणांच्या मुलाचा डबा ती तितक्याच उत्साहाने लपवतात. किंबहुना फिकट छटेच्या मुलाची स्थिती अधिक बिकट असते: ठळक अपंगत्व दिसले की थोडी तरी दया येते, याच्या वाट्याला दयाही येत नाही, कारण सर्वांच्या मते तो ‘मुद्दाम करतो’.

मग सर्वांना दाखले द्यावेत काय? तसेही नाही. प्रत्येक मुलावर शिक्का मारला तर तो शिक्का हेच वर्गातले नवे टोपणनाव होईल. मार्ग निराळा आहे आणि तो कामगार चळवळीला अपरिचित नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने धोकादायक फिरत्या यंत्रांना कठडा घालण्याची जबाबदारी कारखान्याच्या चालकावर टाकली. कोणता कामगार वेंधळा आहे, कोणाची नजर अधू आहे, याचे दाखले गोळा करून फक्त त्यांच्यापुरता कठडा उभारण्यास त्याने सांगितले नाही. यंत्र धोक्याचे आहे, तेव्हा कठडा यंत्राला. कामगार कोणीही असो. शाळेलाही हेच तत्त्व लागू केले पाहिजे. संरक्षण मुलाच्या दाखल्याला चिकटवू नका, ते शाळेच्या इमारतीला चिकटवा.

आजचा कायदा हे करीत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करते. पण त्यातील कारवाई सेवानियमांखालची, म्हणजे कर्मचाऱ्यांवरची आहे. मुलांनी मुलांच्या केलेल्या छळाबाबत शाळेने काय करावे ते त्यात नाही. शिवाय तो कायदा सहा ते चौदा या वयाचा आहे. नववी-दहावीच्या, सर्वांत नाजूक वर्षांत, तो हात सोडून देतो. दुसऱ्या टोकाला, दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपूर्वक अपमान करणाऱ्याला सहा महिने ते पाच वर्षे कैदेची तरतूद २०१६ च्या कायद्यात आहे. तेरा वर्षांच्या मुलांवर फौजदारी खटले भरा, असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. एकीकडे काहीच नाही आणि दुसरीकडे एकदम तुरुंग; मधली सारी जागा, जेथे शिक्षण घडावयाचे, ती रिकामी.

ती भरण्याचा प्रयत्न न्यायालयांनी केला आहे. दर दहा दिव्यांग मुलांमागे प्राथमिक स्तरावर आणि दर पंधरांमागे वरच्या स्तरावर एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले; ती पदे निर्माण करण्यासाठी २०२५ च्या मार्चमध्ये त्याला राज्यांना पुन्हा फटकारावे लागले. त्याच वर्षी जुलैत, विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांविषयीच्या निकालात, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असणाऱ्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा असा आदेश त्याने दिला. आदेश स्वागतार्ह आहेत. पण पहिल्या आदेशातील शिक्षक दाखल्याच्या संख्येवर मोजला जातो, तर दुसऱ्यातील समुपदेशक कंत्राटावर नेमून, आठवड्यातून एकदा सही करून जाणारा झाला, तर त्याची खोली आणि भिंतीवरचा ‘टेली-मानस’चा क्रमांक यांत फारसा फरक उरणार नाही. मूल मोडल्यावर सांधण्याची ही व्यवस्था झाली. ते मोडू नये याची व्यवस्था कोणाकडे?

खर्च कोणाच्या माथी

तिसरा बचाव पैशाचा. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, निवडणुकीच्या आणि जनगणनेच्या कामाला जुंपलेला शिक्षक, रिक्त पदे. त्याने आणखी हे कधी पाहावयाचे? शिक्षकाची ही तक्रार खरी आहे आणि तिचा रोख योग्य ठिकाणी वळवला पाहिजे. राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ साली केली. २०२० च्या शैक्षणिक धोरणानेही तीच संख्या पुन्हा लिहिली. मधल्या चोपन्न वर्षांत ती गाठली गेली नाही आणि त्यानंतरही गाठली गेलेली नाही.

परंतु पैसा वाचला म्हणजे खर्च टळला असे होत नाही. तो दुसऱ्याच्या माथी जातो. विल्यम कॅप या अर्थशास्त्रज्ञाने खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर १९५० साली ग्रंथ लिहिला. कारखान्याचा धूर मालकाच्या हिशेबवहीत दिसत नाही, तो शेजाऱ्याच्या छातीत दिसतो, हा त्याचा गाभा. शाळेचा धूर असाच मुलाच्या छातीत साठतो. संपन्न वस्तीतील खाजगी शाळा पालकांना बोलावून सांगते की मुलासोबत बसणारी स्वतंत्र मदतनीस तुम्हीच नेमा आणि तिचा पगार तुम्हीच द्या. जमत नसेल तर शाळा सोडल्याचा दाखला तयार आहे. ज्यांना परवडते ते देतात. बहुधा आईची नोकरी सुटते आणि तिचे हुकलेले वेतन कोणत्याच हिशेबात धरले जात नाही.

नगरपालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाच्या नशिबी हेही नाही. निदान करणारा तज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी. तेथे जाण्यायेण्यात बापाची दिवसाची मजुरी बुडते. त्या मुलाला छटेचे नावच मिळत नाही. मिळतात ती ‘मठ्ठ’, ‘येडा’, ‘चक्रम’ ही नावे. आठवी-नववीत तो शाळेत जाणे सोडतो आणि गळतीच्या तक्त्यात ‘अभ्यासात रस नाही’ या सदरात जमा होतो. अमर्त्य सेन यांनी १९७९ च्या आपल्या व्याख्यानात ‘समता कशाची?’ हा प्रश्न विचारला होता. सर्वांना सारखा बाक आणि सारखे पुस्तक दिल्याने समता होत नाही. त्या बाकावर निर्भयपणे बसता येते काय, हे पाहावे लागते.

होण्याजोगे काय

हे साधते असा अनुभव आहे. १९८२ च्या अखेरीस नॉर्वेत तीन मुलांनी सवंगड्यांच्या छळापायी जीव दिला, तेव्हा त्या देशाने ते मुलांच्या स्वभावावर ढकलले नाही. दुसऱ्याच वर्षी देशभर मोहीम निघाली. ओल्वेअस यांच्या देखरेखीखाली बर्गेनच्या ४२ शाळांत वर्गाचे नियम, मधल्या सुटीतील देखरेख, पालकसभा आणि प्रत्येक प्रसंगी शिक्षकाचा ताबडतोब हस्तक्षेप असा साधा कार्यक्रम राबवला गेला. दोन वर्षांत छळ निम्म्याच्या आसपास आल्याची नोंद झाली. इतकी घट सर्वत्र होत नाही. अनेक देशांतील अशा कार्यक्रमांचा एकत्रित आढावा २०११ साली निघाला, त्यात सरासरी घट पाचव्या हिश्शाच्या आसपास आढळली. पाचातले एक मूल वाचणे हेही थोडे नव्हे. पुढे २०१७ साली नॉर्वेने कायदाच बदलला: शाळा सुरक्षित आहे की नाही हे मुलाच्या अनुभवावरून ठरेल, तक्रार कळताच हालचाल करणे हे शाळेचे कर्तव्य राहील आणि आठवड्याभरात प्रकरण मार्गी लागले नाही तर पालकांना शाळेबाहेरच्या शासकीय अधिकाऱ्याकडे दाद मागता येईल. मुलाजवळ कोणता दाखला आहे, हे तेथे विचारले जात नाही.

महाराष्ट्रात याची सुरुवात करण्यास परकीय कर्ज काढावे लागत नाही. खेळाच्या संघांसाठी दोन कर्णधारांनी एकेक गडी निवडण्याची क्रूर पद्धत उद्यापासून बंद करता येईल. संघ शिक्षकाने पाडावेत. बाकावरच्या जागा शिक्षकाने ठरवाव्यात व महिन्यागणिक बदलाव्यात, आणि हा बदल आधी जाहीर करावा. मधल्या सुटीत जिन्याखाली, स्वच्छतागृहाजवळ आणि शाळेच्या बसमध्ये एक मोठे माणूस असावे, कारण दांडगाईला अंधारे कोपरे आवडतात. गोंगाटाने जीव घाबरा होणाऱ्या कोणाही मुलाला ग्रंथालयात जाऊन बसण्याची मुभा असावी. तेथे कोणी दाखला मागू नये.

जे फुकट होत नाही त्यासाठी मात्र भांडावे लागेल. विशेष शिक्षक आणि समुपदेशक यांची कायम पदे. शिक्षकांच्या पदविका आणि पदवी अभ्यासक्रमांत या विषयाचे नावापुरते प्रकरण न राहता प्रत्यक्ष सराव. मदतनीसाचा खर्च पालकांवर लादण्यास मनाई. आणि या सर्वांवर बारावीपर्यंतच्या प्रत्येक शाळेला, मग ती शासकीय असो, अनुदानित असो वा खाजगी, बांधून घेणारा कायदा, ज्यात छळाची प्रत्येक तक्रार लेखी नोंदवणे आणि ठरलेल्या मुदतीत उपाययोजना करणे बंधनकारक असेल. शाळांनी आपले आकडे प्रसिद्ध केले पाहिजेत. ज्या शाळेत तक्रारींची संख्या शून्य असेल तिचे अभिनंदन करण्यापूर्वी तेथील मुलांना बोलते करावे.

विधिमंडळाने २०१६ साली वाळीत टाकणाऱ्या वडीलधाऱ्यांना जाब विचारला. ती वडीलधारी माणसे आकाशातून पडली नव्हती. कोणाला पंगतीतून उठवावयाचे आणि कोणाच्या उठण्यावर हसावयाचे, याचा पहिला धडा माणूस गावकीच्या चावडीवर गिरवत नाही; तो शाळेच्या पटांगणात गिरवतो. पंचांना कैद ठोठावणाऱ्या राज्याने हा धडा जेथे शिकवला जातो त्या जागेला कठडा घातला नाही, तर पुढच्या पिढीचे पंच आजच्या नववीच्या वर्गात तयार होत आहेत आणि त्यांच्या निवाड्याने मोडलेली मुलेही त्याच वर्गात बसली आहेत. शिक्षणमंत्र्यांनी याचे उत्तर येत्या अधिवेशनात द्यावे. आणि ते मिळेपर्यंत पालक, शिक्षक व संघटना यांनी प्रश्न विचारणे थांबवू नये.